दुनळीचा उजवा घोडा

जम्मू
४ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचे कान गेल्यापासून फोनची मजाच गेली. मी इकडून ओरडतो, तुमी तिकडून ओरडता आन् मधी मामी दोघायलाबी शिव्या घालती. म्हणून कागद घेतलाय. सातवीच्या पुढं शाळेनं मला ठेवलं न्हाई हे तुमाला ठाऊक हाय, तवा चुका मोजत बसू नका.

सुरतचं काम सोडलं, पुण्याचं सोडलं, हैदराबादचं सोडलं, लुधियानाचं तर पंधरा दिवसांतच सोडलं. आता जम्मूत हाय. आन् कुठं हाय माहीत का? बंदुकीच्या कारखान्यात! मिस्त्री हाय मी मिस्त्री. सरकारी लायसनचा कारखाना हाय, चोरीचा धंदा न्हाई, मामीला सांगा.

मामा, इथं एक नवीन बंदूक निघालीय. पंप म्हणत्यात तिला. काळी कुळकुळीत, लाकडाचा तुकडासुद्धा न्हाई, खांद्याला टेकवायचा दस्ताबी प्लास्टिकचा. पोटात पाच काडतुसं. खालची मूठ डाव्या हातानं मागं-पुढं ओढली की खटाक-खटाक, जुनं काडतूस बाहेर, नवीन आत. नळीच्या खाली बॅटरी लावायचीबी सोय हाय. जवान पोरं तिच्यासंगं फोटो काढायला येत्यात. तुमी अजून ती आज्याची बेल्जमची दुनळी घेऊन रानातल्या माळ्यावर राखणीला बसता. दोन नळ्या, दोन घोडे, दोन बार, की झाला खेळ. डुकराचा कळप बावीस आन् बार दोन! ती आता दसऱ्याला पूजेपुरती ठेवा आन् ही घ्या. रानात उभे राहिलात तर फौजदार वाटाल.

मामीला नमस्कार.

तुमचा भाचा
हरिओम


वालूर
१९ ऑगस्ट २०२४

चि. हरिओम यास मुंजाजी मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तू मिस्त्री झालास हे मामीनं साऱ्या गल्लीत सांगितलं. मी म्हणलं थांब जरा, दोन महिने जाऊ दे.

फौजदार दिसायची हौस मला न्हाई. दुनळीचं ऐक. माझ्या बापानं ती घेतली तवा मी तुझ्या गुडघ्याएवढा होतो. एका सालच्या पुरात घरात कमरेएवढं पाणी आलं, ती दोन दिवस गाळात होती. काढली, पुसली, उन्हात ठेवली, तेल दिलं. तिसऱ्या दिवशी बार केला. झाला. दोनच बार हायेत, खरंय. पण पहिला चुकला तर दुसरा हाय, आन् दुसराबी चुकला तर चूक माझी, तिची न्हाई. आन् डुकरं मारायची कुठं हायेत? हवेत बार काढून हाकलायची. त्याला पाच कशाला?

अजून एक. दुनळीचे घोडे बाहेर हायेत. उजव्या अंगठ्यानं मागं ओढून चढवलेला घोडा दुरून दिसतो. मला दिसतो, तुझ्या मामीला दिसतो, धुऱ्या-बांधावरून येणाऱ्या माणसाला दिसतो. ती जागी हाय का झोपलीय हे नुसतं बघून कळतं. तुझ्या काळीच्या पोटात काय चाललंय ते तिलाच ठाऊक.

राग येऊ देऊ नको, पण तुझं आन् त्या पाच काडतुसांचं सारखंच हाय. एक झालं की खटाक, दुसरं पुढं. सुरत, पुणे, हैदराबाद. आता जम्मू पोटातच राहू दे थोडे दिवस.

तूर गुडघ्याला लागली. ओढ्याकडच्या तुकड्यात दोनदा डुकरं येऊन गेली.

तुझा
मुंजाजी मामा


जम्मू
१२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र वाचून मला राग आला होता. चार दिवस उत्तर लिहायचं न्हाई असं ठरवलं. मग झालं असं की इकडं इलेक्शन लागलं.

इलेक्शन लागलं की लायसनवाल्यायला बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागत्यात, आपल्याकडं लागत्यात तशाच. जमा करायच्या आधी लोकं साफ करून घ्यायला, दुरुस्तीला घेऊन येत्यात. एका दिवशी अकरा आल्या. त्यातल्या नऊ नवीन. एकीचं काडतूस पोटात अडकलेलं, एकीचा प्लास्टिकचा दस्ता बोटाएवढा चिरलेला, एकीची मूठ पुढंच जाईना. धूळ गेली म्हणं. मामा, आपल्या काळ्या रानात चैत्रात जी धूळ उडती ती हिनं बघितली तर ही घाबरूनच मरंल.

मग एक म्हातारा आला. डोक्याला फेटा, खांद्याला दुनळी, बाहेर घोडे. अगदी आपल्यासारखी. आमच्या मोठ्या मिस्त्रीनं, उस्तादनं, उघडली, नळ्यांतून उजेडाकडं बघितलं, घोडे चढवले-उतरवले, फडक्यानं पुसून परत दिली. पैसे न्हाई घेतले. मी विचारलं, काय झालं होतं हिला? उस्ताद म्हणले, "काय बी न्हाई. तिला फक्त भेटून जायचं होतं."

मामा, मी मागच्या पत्रात जे लिहिलं ते परत घेतो. दुनळी कुणालाबी देऊ नका. माझी शपथ हाय.

आन् हो, दोन महिने होत आले. मी अजून इथंच हाय.

तुमचा
हरिओम


वालूर
१० सप्टेंबर २०२४

चि. हरिओम यास आशीर्वाद.

तुझ्या म्हणण्यावर लय विचार केला. तुझं खरंय. काळ बदलला. पंप घ्यायचं ठरवलं. परभणीचे बंदुकीचे दुकानदार दिनकरराव आले होते, ते जुनी घेऊन नवीन द्यायला तयार हायेत. आता दिवाळीच्या आसपास आपल्याकडं इलेक्शन लागंल, बंदूक जमा करावी लागंल, म्हणून कागद इलेक्शन झाल्यावर करू म्हणले. एक डिसेंबरला येणार.

दुनळीचा उजवा घोडा झिजलाय. चढत न्हाई, घसरतो. जुन्या वस्तूचं असंच.

पेन खराब हाय म्हणून अक्षर असं आलंय.

मुंजाजी


जम्मू
२५ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,

तुमचं पत्र काल आलं. माझं पत्र तुमच्याकडं निघालं आन् तुमचं माझ्याकडं. दिल्लीच्या आसपास दोन्ही एकमेकाच्या अंगावरून गेली असतील, रामरामसुद्धा न करता. मी म्हणायलो दुनळी ठेवा, तुमी म्हणायलाव पंप घेतो! ऑगस्टमधी तुमी मला जे शिकवलं ते सप्टेंबरात तुमीच विसरलाव? गाळातून निघून बार करणारी बंदूक वीस दिवसांत म्हातारी झाली?

मामीला फोन केला. म्हणलं, मामाच्या डोक्यात हे काय आलं? मामी म्हणली, "तुझ्या मामालाच लिही," आन् फोन ठेवला. मामा, आजवर मामीनं माझ्या आधी फोन ठेवलाय असं एकदाबी झालं न्हाई. भांडलाव का तुमी? काळ्या बंदुकीवरून?

मलाच वाईट वाटायलंय. मी फुशारकी मारली न्हसती तर तुमच्या मनात हे आलंच न्हसतं.

घोडा झिजला म्हणून कुणी बंदूक देतं का? पायात काटा गेला म्हणून पाय देतो का आपण? झिजलेला घोडा इथं नवीन घडवत्यात. एक करा. उजव्या घोड्याला चिटकवून कागद धरा आन् कडेकडेनं पेन्सिल फिरवून त्याचं चित्र पाठवा. आहे त्या मापाचं, लहान-मोठं न्हाई. मी उस्तादला दाखवतो. तवर दिनकररावला नुसता चहा पाजा.

तुमचा
हरिओम


वालूर
१३ ऑक्टोबर २०२४

चि. हरिओम,

काल दसरा झाला. दुनळी पूजेला मांडली. तेल दिलं, झेंडू वाहिला, मामीनं हळद-कुंकू लावलं. तू लहान असताना याच दिवशी तिला हात लावायला रडायचास, आन् मी तुला नुसतं झेंडूचं फूल ठेवू द्यायचो. त्याची आठवण मामीनं काढली.

पूजा झाल्यावर चित्र काढलं, सोबत पाठवायलोय. तेलाचा हात लागून कागद घाण झालाय. पोरा, तुझी हौस म्हणून पाठवलं. दिनकररावला शब्द दिलाय, आता त्यात बदल न्हाई. आचारसंहिता आज-उद्या लागती म्हणायलेत, मग बंदूक सेलूच्या ठाण्यात जाईल. उगं जीवाला लावून घेऊ नको. तू तुझ्या कामावर ध्यान दे.

मुंजाजी मामा


जम्मू
२४ ऑक्टोबर २०२४

मामा,

चित्र मिळालं. उस्तादनं बघितलं, मीबी बघितलं. घोडा कुठंच झिजलेला न्हाई. खाच जशीच्या तशी हाय.

कागदावर तुमच्या तेलाच्या हाताचा ठसा उठलाय. तुमी पेन्सिल डाव्या हातात धरली आन् उजव्यानं कागद दाबला, हे रेघंवरून कळतं. उजव्या हाताची चार बोटं उठलीत. स्वच्छ, रेषांसकट.

मी माझा हात तेलात बुडवून कागदावर दाबला. पाच उठली. उस्तादचा हात दाबायला लावला. पाच. परत तुमचा कागद उजेडाला धरला.

मामीला फोन करणार न्हाई. तिला तुमी शपथ घातली असंल, ती मोडायला लावणार न्हाई. तुमीच लिहा.

अंगठा कुठं हाय मामा?

हरिओम


वालूर
७ नोव्हेंबर २०२४

चि. हरिओम यास मामाचे आशीर्वाद.

एवढा हुशार होतास तर शाळेत कुठं ठेवली होतीस हुशारी?

ऑगस्टच्या अठ्ठावीस तारखेला गेला. कडबाकुट्टीत. बैलायला वैरण करायलो होतो, पेंडी अडकली, हात घातला. एवढंच. दवाखान्यात नीट झालं, जखम भरली, आता दुखत न्हाई. चार बोटायनं भाकरी खातो, काठी धरतो, दाढी मात्र न्हाव्याकडून. लिहितो डाव्या हातानं. पेन बरं होतं, मीच खराब होतो.

का सांगितलं न्हाई, ते ऐक. तू आला असतास. दुसऱ्या दिवशी गाडीत बसला असतास. आन् आला असतास तर परत गेला नसतास. चार ठिकाणची कामं तू सोडलीस, दर वेळी काहीतरी निमित्त होतं. कुठं शेठ वाईट, कुठं जेवण वाईट, कुठं हवा. ह्या वेळचं निमित्त मी होणार न्हाई असं ठरवलं. मामीला तुझ्याच गळ्याची शपथ घातली. ती तेव्हापासून माझ्याशी धड बोलत न्हाई.

आता बंदुकीचं. घोडा चढवायला उजवा अंगठा लागतो, डावा हात नळीखाली गुंतलेला असतो. चार बोटायनं वढून बघितलं, निसटतो. भरलेल्या बंदुकीचा घोडा निसटणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पंपाची मूठ डाव्या हातानं वढायची असं तूच लिहिलं होतंस. म्हणून पंप. मला काय काळ्या बंदुकीची हौस आलीय का रे? ज्या दिवशी दिनकरराव दुनळी घेऊन जातील त्या दिवशी मी घरी थांबणार न्हाई. सेलूला बाजाराला जाणार.

पण माळ्यावर बसणं सोडणार न्हाई. माझा बाप त्या माळ्यावर बसला. मी बसलो. घरात बसून भिंतीकडं बघत राहिलो तर वर्षात मरंन. तेवढ्यासाठी पंप का असंना.

सध्या बंदूक ठाण्यात आन् डुकरं रानात. त्यायला आचारसंहिता लागू न्हाई. मी आन् तुझी मामी तेलाचा रिकामा डबा वाजवत फिरायलो. मामी डबा माझ्या कानाशी वाजवती. ऐकू येत न्हाई म्हणून बरंय.

तुझा
मुंजाजी मामा


जम्मू
१९ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमी खरं लिहिलं, आता मीबी लिहितो. मी मिस्त्री न्हाई. चार महिने झाले, मी अक्रोडाच्या दस्त्यायला पॉलिश पेपर घासतो. घासायचं, भुसा झाडायचा, संध्याकाळी कारखाना झाडायचा. लोखंडाला मला कुणी हात लावू दिला न्हव्हता.

चित्रात चार बोटं दिसली त्याच दिवशी मी उस्तादला सगळं सांगितलं. रडलो, ते मामीला सांगू नका. त्यायनं तुमचं चित्र घेतलं, माझी पेन्सिल घेतली आन् घोड्याच्या मागच्या टोकाला एक लांब, रुंद शेपूट काढलं. वर थोडं वळलेलं, ताटाच्या कडंसारखं. म्हणले, "अंगठ्यानं न्हाई, तळहाताच्या कडंनं दाबून चढवायचा." मग लोखंड माझ्या हातात दिलं. "मामा तुझा हाय, तूच घास."

पहिला बिघडला. दुसरा बिघडला. तुमचं पत्र आलं तवा तिसऱ्यावर होतो. उस्ताद शिव्या देत्यात पण जवळच बसून ऱ्हात्यात. तिसरा जमला. डाव्या घोड्याचं चित्र तुमी पाठवलंच न्हव्हतं, पण तेलानं कागद आरपार दिसायला लागला होता. तोच उलटा धरून डावाबी केला.

मग मी माझा उजवा अंगठा आत मुडपून फडक्यानं बांधला आन् पूर्ण एक दिवस तसाच राहिलो. शर्टाची गुंडी लागंना. पायजम्याची नाडी सुटंना, सगळे हसले. रोटी तोडता येईना. मामा, तुमी हे तीन महिने करायलाव आन् मला 'कामावर ध्यान दे' लिहायलाव. पण कारखान्यातल्या जुन्या रिकाम्या बंदुकीला ते घोडे लावून बघितले. तळहाताच्या कडंनं चढवले. पन्नास वेळा. एकदाबी निसटला न्हाई.

आता घाबरू नका. मी यायलोय, पण आठच दिवस. उस्तादनं परतीचं तिकीट आधीच काढलंय आन् माझ्या खिशात न्हाई, स्वतःच्या गल्ल्यात ठेवलंय, त्याचा फोटो मला दिलाय. म्हणले, "तू आला न्हाईस तर मी तिकीट घेऊन वालूरला येईन." एकोणतीसला देवगाव फाट्यावर उतरतो. एक तारखेला दिनकरराव आले की त्यायला बसवून ठेवा. त्यायच्या दुकानातला मिस्त्री लायसनचा हाय म्हणं, घोडे त्याच्याच हातून बसवू, म्हणजे त्यायचीबी फेरी फुकट जाणार न्हाई.

बाजाराला जाऊ नका.

तुमचा भाचा
हरिओम


वालूर
२२ डिसेंबर २०२४

चि. हरिओम यास मुंजाजी मामाचे अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा फोन मामीला आला. आता ती माझ्याशी बोलायली, एवढी की जुनेच दिवस बरे होते असं वाटायलंय.

तू गेल्यावर चार दिवसांनी तूर हलल्यासारखी दिसली. दिवस मावळायला होता. माळ्यावर बसलो होतो. तळहाताची कड घोड्यावर ठेवली, दाबलं. चढला. पहिल्यापेक्षा हळू चढतो, लपवत न्हाई. पूर्वी एका श्वासात व्हायचं, आता दोन लागत्यात. पण चढला, आन् चढलेला दिसला. हवेत एक बार काढला. ओढ्याच्या अंगाला सारा कळप पळाला. दुसरा बार लागलाच न्हाई. उतरून आलो तर मामी दारात डबा घेऊन उभी होती, सवयीनं.

दिनकरराव मागच्या आठवड्यात परत आले होते. तुझे घोडे त्यायनं भिंगातून बघितले. म्हणले, "असा माणूस मला दुकानात पाहिजे, पोराला बोलवून घ्या." लेका, मी त्यायला काय म्हणलो असंन? म्हणलं, आत्ताच बोलवलं तर त्याला येवढंच येईल. शिकू द्या पुरतं. तू तिथं दोन सालं काढ. नळी शिक, चाप शिक. शिव्या खा. दुकान कुठं पळून जात न्हाई आन् मीबी.

आता एक काम केलं ते सांगतो. पिकाच्या राखणीच्या लायसनवर मालकाशिवाय राखण करणाऱ्या घरच्या माणसाचं नाव घालता येतं. इतकी वर्षं माझ्या लायसनवर ती जागा रिकामीच होती. परवा परभणीला जाऊन अर्ज दिला. तिथल्या बाईनं तुझं नाव लिहिलं, मग विचारलं, "हा राहतो कुठं?" मी म्हणलं, कामाला जम्मूला हाय. त्या म्हणल्या, "मग पत्ता जम्मूचा लिहू?" त्याआधी सुरत, पुणे, हैदराबाद, लुधियाना होतं हे मी त्यायला सांगितलं न्हाई.

मी म्हणलं, बाई, तो फिरतो कुठंबी. पत्ता वालूरचा लिहा.

तुझा
मुंजाजी मामा

ता. क. आत्ताच दुनळीला तेल देऊन बसलोय, कागदावर बोटं उठलीत. मोजू नको.